एका मिलिमीटरचा उतार

अप्पा बळवंत चौकातून आतल्या गल्लीत वळलं की पुस्तकांच्या दुकानांची गर्दी मागे पडते आणि खळीचा, शाईचा वास सुरू होतो. तिथल्या एका बाइंडिंगच्या खोलीत मी जुलैमधल्या एका दुपारी पत्त्यांचा नवाकोरा कॅट घेऊन उभी होते. बाहेर पाऊस होता, छत्रीचं पाणी उंबऱ्यापाशी साचत होतं, आणि मी बाइंडरकाकांना सांगत होते की या कॅटच्या दोन्ही लांब कडा कापायच्या आहेत, पण सरळ नाही. एका टोकाला पातं नुसतं टेकून जाऊ दे, आणि दुसऱ्या टोकाला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर जाऊ दे.

काकांनी कॅट टेबलावर ठोकून सारखा केला आणि डोळ्यांसमोर धरून कडेवरून नजर फिरवली.

"लोक आमच्याकडे वाकडं झालेलं सरळ करून घ्यायला येतात," ते म्हणाले. "हा सरळ आहे, तो वाकडा कशाला करताय?"

"जादूचा प्रयोग करायचाय."

"जादू, का तीन पत्ती?"

ते हसत नव्हते. कॅट त्यांनी माझ्याकडे परत सरकवला होता. मला त्यांचा राग आला नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. निमुळते कापलेले पत्ते मुळात जादूगारांचे नाहीतच. युरोप-अमेरिकेतल्या जुगाराच्या टेबलांवर लबाडी करणाऱ्यांनी ते वापरले आणि जादूगारांनी ते तिथून उचलले. फ्रेंचमध्ये अशा पत्त्यांना 'बिझोते' म्हणतात, म्हणजे तिरक्या कडेचे. इंग्रजी नाव 'स्ट्रिपर डेक'. मी काकांना हे सगळं सांगितलं. मी गणित शिकवते, कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर एकच प्रयोग करायचा आहे, आणि हा कॅट पैशांच्या खेळात कधी जाणार नाही, हेही सांगितलं.

"मग कापून झाला की आधी मला करून दाखवायचा," ते म्हणाले. एवढी एकच अट.

इथवर यायला मला दोन महिने लागले होते. लहानपणी सुट्टीत बाबांनी रघुवीर घराण्याचा जादूचा प्रयोग दाखवायला नेलं होतं, तेव्हापासून ही ओढ मनात आहे. पुण्यात वाढलेल्या पुष्कळ मुलांची जादूशी पहिली भेट याच नावाने झालेली असते. पण हात चालवायची सुरुवात मी चाळिशी ओलांडल्यावर केली. बोटांत लवचिकता कमी, रोजचा वेळ अर्धा तास. तेव्हा अवघड हातचलाखीच्या वाटेला न जाता, आधीच तयारी करून ठेवलेल्या कॅटवर चालणारा प्रयोग निवडायचा, हे मी ठरवून टाकलं होतं.

पहिला प्रयत्न लावलेल्या कॅटचा. त्यात पत्ते साधेच असतात, क्रम मात्र ठरलेला. प्रत्येक पुढचा पत्ता आधीच्यापेक्षा तीनने मोठा: एक्का, चौकी, सत्ती, दश्शी, राजा, मग तिर्री, छक्की, नव्वी, राणी, दुर्री, पंजी, अठ्ठी, गुलाम, आणि पुन्हा एक्का. रंग किलवर, बदाम, इस्पिक, चौकट याच क्रमाने फिरत राहतात. किलवर राणी दिसली की पुढचा पत्ता बदाम दुर्री, डोळे मिटून सांगावं. साय स्टेबिन्स नावाच्या अमेरिकन जादूगारामुळे ही मांडणी प्रसिद्ध झाली, पण तशा तऱ्हेची मांडणी १५९३ साली होराशियो गालासो या इटालियनाने छापलेली आहे. गणित शिकवणाऱ्या माणसाला याचा मोह पडणारच, कारण कॅट कितीही वेळा काटला तरी हे चक्र मोडत नाही. वर्तुळ कुठूनही सुरू केलं तरी वर्तुळच.

पण काटणं निराळं आणि पिसणं निराळं. मामाकडे मी मोठ्या उत्साहाने तो कॅट काढला. मामाने हात पुढे केला, मी दिला, आणि माझं पहिलं वाक्य संपायच्या आत त्याने तो चार वेळा पिसून टाकला. त्यात त्याची काही चूक नव्हती. आपल्याकडे पत्ते हातात आले की माणूस आधी पिसतो, मग विचारतो काय खेळायचं. झब्बू, बदाम सात, मेंढीकोट यांवर वाढलेल्या हातांना 'पिसू नका' म्हणणं म्हणजे 'इथे काहीतरी आहे' असं सांगणंच.

नंतर मागवला तो स्वेंगाली कॅट. त्यात सव्वीस पत्ते वेगवेगळे आणि सव्वीस एकसारखे, एकसारखे किंचित आखूड, एकाआड एक लावलेले. अंगठ्याने फरफर सोडले की एका बाजूने सगळे वेगळे दिसतात, दुसऱ्या बाजूने सगळे एकच. दिसायला फार सुंदर. पण तो कोणाच्या हातात देता येत नाही. समोरच्याने एकदा उलटून पाहिला की संपलं. मला तर कॅट लोकांच्या हातात द्यायचा होता. त्यांनी तो पिसावा, ठोकावा, वास घ्यावा हवा तर. निमुळत्या कॅटमध्ये ती मुभा आहे, कारण त्यात बावन्नच्या बावन्न पत्ते वेगळे आणि खरे असतात.

तसा तयार कॅट विकत मिळतो. पण मला मिळाला तो पोकरच्या मापाचा, ६३ मिलिमीटर रुंद, पाठीवर परदेशी नक्षी. आमच्या घरातले पत्ते ५७ मिलिमीटर रुंद. रोजच्या पत्त्यांना सरावलेल्या माणसाला असा रुंद कॅट हातात घेताक्षणी परका वाटतो. म्हणून मी रविवार पेठेतून साध्या कागदी पत्त्यांचे दोन कॅट घेतले. ते निवडतानाही एक गोष्ट पाहावी लागली. पाठीवरची नक्षी वरून-खालून सारखी हवी. कंपनीचं चिन्ह एकाच बाजूने सुलट असेल तर उलटा गेलेला पत्ता लांबूनही ओळखू येतो. दुकानदाराने सात-आठ डबे उघडून दाखवले, तेव्हा मनासारखी जाळी सापडली.

आता मूळ गोष्ट. जादूगारांमध्ये गुपित न फोडण्याची रीत आहे आणि मला ती मान्य आहे. तरी हे लिहिते आहे, कारण हा कॅट दुकानात कोणालाही मिळतो, नवशिक्यांच्या पुस्तकांतही तो असतो, आणि गुपित कळल्यावरसुद्धा प्रयोग करता येत नाही हे मला या चार महिन्यांत पुरतं कळलं आहे. प्रत्येक पत्ता एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला एका मिलिमीटरने अरुंद. सगळी रुंद टोकं एका बाजूला असली की कॅट नेहमीसारखाच दिसतो. समोरच्याने एक पत्ता काढला, तो पाहतो आहे, तेवढ्यात हातातला उरलेला कॅट अर्धा वळसा फिरवायचा. पत्ता परत आत गेला की त्याचं रुंद टोक बाकीच्यांच्या अरुंद टोकात येतं आणि दोन्ही बाजूंनी केसभर बाहेर राहतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं. मग कॅट खुशाल पिसायला द्या. परत आला की अरुंद टोकाच्या दोन्ही कडांना अंगठा आणि मधलं बोट हलकेच लावून ओढायचं. एकच पत्ता बोटांत येतो, तो त्यांचा.

डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिलं की दोन भाग एकमेकांत फर्रकन मिसळून कॅट सातेक वेळा पिसला की पूर्वीचा क्रम जवळजवळ पुसला जातो. डायकोनिस आधी जादूगार होते, मग गणिताकडे वळले. वर्गात हा निकाल सांगताना मला नेहमी भरून येतं. पण त्या हिशेबात पत्ता कितव्या जागी आहे एवढंच असतं. त्याचं डोकं कुठल्या दिशेला आहे हे तिथे कोणी विचारत नाही. पिसल्याने क्रम बिघडतो, दिशा बहुतेक वेळा राहते. सगळा प्रयोग त्या न विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे. (सावंतवाडीच्या गंजिफात हा प्रयोग कधीच होणार नाही, हे एका रात्री अचानक लक्षात आलं. दशावतारी गंजिफाचे एकशे वीस पत्ते गोल असतात, आणि गोलाला ना डोकं ना पाय.)

तर काकांची खोली. कटिंग मशीनवर त्यांनी बाजूच्या ठोकळ्याला कॅट टेकवला आणि एका कोपऱ्यामागे जाड कागदाची अरुंद पट्टी सरकवली, म्हणजे गठ्ठा तेवढाच तिरका बसला. चाक फिरवून दाब दिला, पातं खाली आलं. आवाज भाकरी मोडल्यासारखा. बाजूला पडलेलं काप इतकं बारीक होतं की त्याचे दोरे झाले.

पहिला कॅट वाया गेला. बावन्न पत्त्यांची थप्पी दीड सेंटिमीटरच्या आसपास होते, आणि पातं खाली जाताना वरचे पत्ते किंचित ओढले गेले. वरचा पत्ता आणि खालचा पत्ता यांच्या रुंदीत फरक पडला, शिवाय दाबाचा वळ वरच्या चार पत्त्यांवर उमटला. मी म्हटलं, सव्वीस-सव्वीसच्या दोन थप्प्या करू. काकांनी मान हलवली. "दोन वेळा लावलं की दोन माप होणार. एकदाच कापायचं." दुसऱ्या कॅटला त्यांनी वर-खाली पुठ्ठा लावला, थप्पी पुठ्ठ्यासकट ठोकली, पात्याला साबणाचा हात फिरवला आणि दाब बेताचा ठेवला. एक बाजू, मग पट्टी बदलून दुसरी. कापल्यावर अरुंद टोकाचे कोपरे टोकदार झाले होते, तेवढ्याने कॅट उघडा पडला असता. डायऱ्यांचे कोपरे गोल करायचं छोटं यंत्र त्यांच्याकडे होतं. त्यावर चारही कोपरे त्यांनी पाच-पाच पत्ते घेऊन फिरवले, आणि याला कापण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मग मी त्यांना प्रयोग दाखवला. आयुष्यातला पहिला, कापलेल्या कागदाच्या ढिगाऱ्यात. त्यांनी इस्पिक गुलाम काढला, मी कॅट फिरवला, त्यांनी पत्ता घातला, पिसला. मी ओढला आणि तीन पत्ते एकदम आले. कडांवर कापल्याची कूस राहिली होती, पत्ते एकमेकांना धरत होते. काकांनी कॅट घेतला, हाडाच्या पट्टीने चारही कडा वरपासून खालपर्यंत घोटल्या, दोनदा. परत केला. या वेळी गुलाम एकटा आला. काकांनी तो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "चाळीस रुपये द्या. वाया गेला तोही घेऊन जा, सरावाला होईल."

सरावाला पावसाळा आडवा आला. कागदी पत्ता हवेतलं पाणी पितो. ऑगस्टमध्ये एक आठवडा असा गेला की कॅट पन्हळीसारखा वाकला, पत्ते एकमेकांना चिकटले, आणि बोटांना एक मिलिमीटर काय, तीनही कळले नसते. कॅरमची पावडर लावून बघायचा सल्ला एकाने दिला. मी तो वाया गेलेल्या कॅटवर करून पाहिला, आणि दमट हवेत पावडरीच्या गुठळ्या झाल्या. शेवटी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात बुटांच्या खोक्यांत येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि वापरायच्या आधी रात्रभर कॅटवर जाड शब्दकोश. एवढं केल्यावर तो माणसात आला.

त्याच दिवसांत मला आणखी एक गोष्ट सापडली, आणि पुढे तिनेच मला तारलं. आपल्याकडे बहुतेक लोक हातावर पिसतात, थोडे-थोडे पत्ते वरून सोडत. त्यात काही बिघडत नाही. पण जे कॅटचे दोन भाग करून, अंगठ्यांनी फर्रकन सोडून एकमेकांत मिसळतात, त्यांच्या हातात एक भाग नकळत उलटा फिरलेला असतो, कारण दोन्ही भागांची एकच टोकं समोरासमोर येतात. म्हणजे अर्धे पत्ते या दिशेला, अर्धे त्या. सगळा उतार मोडला असं वाटतं. पण दोन्ही टोकं चिमटीत धरून दोन हातांनी उलट दिशांना ओढलं की सगळे उलटे पत्ते एका हातात येतात आणि सगळे सुलटे दुसऱ्या. कितीही वेळा मिसळले असोत, एका ओढीत विलग. मग एक भाग वळवून दुसऱ्यावर ठेवायचा. पाहणाऱ्याला वाटतं, हिने कॅट काटला. रात्री साडेअकराला स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी हे पहिल्यांदा जमलं, तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं.

कोजागिरीला गच्चीवर चाळीसेक माणसं होती. दूध आटत होतं, केशर-जायफळाचा वास, मुलांची पळापळ, हाऊजीचे आकडे. चंद्र दिसावा म्हणून ट्यूबलाइट बंद केल्या होत्या. मी चटईवर बसले आणि कॅट काढला. आकाश स्वच्छ होतं, पण दव पडायला लागलं होतं. पत्त्यांच्या पाठी थंड लागत होत्या. वेळ दवडून चालणार नव्हतं.

पत्ता काढायला पुढे आला तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा. म्हणाला, "काकू, आधी मी पिसतो," आणि कॅट घेऊन त्याने तो फर्रकन मिसळला. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्या पोटात गोळा आला. मी कॅट परत घेतला, "झालं समाधान? आता मी एकदा काटते," म्हटलं आणि ओढला. दमट पत्ते जड आले, पण आले. दोन भाग, एक वळवला, ठेवला. कोणी काही बोललं नाही. मग पत्ते पसरले, त्याने एक घेतला, मोबाइलच्या उजेडात सगळ्यांना दाखवला. मी म्हणाले, "नीट बघून घ्या, पुन्हा दिसणार नाही," आणि कॅट या हातातून त्या हातात घेताना फिरवला. पत्ता आत गेला. त्याला हातावर पिसायला सांगितलं. परत घेतला. बोटं कडेवर ठेवली. दोन क्षण काहीच लागलं नाही. मग खालच्या तिसऱ्या भागात कुठेतरी ती केसभर धार लागली, आणि मी ओढली.

"चौकट नव्वी," तो म्हणाला, मी पत्ता उलटायच्या आधीच. मग उलटला. चौकट नव्वी. मुलांनी आरडाओरडा केला, तो मुलगा कॅट हातात घेऊन एकेक पत्ता तपासत राहिला, आणि त्याला काही सापडलं नाही.

यानंतर जे होणार हे मला आधी सुचायला हवं होतं. बायकांचा मेंढीकोटाचा डाव बसला आणि कोणीतरी म्हणालं, "अगं, तुझाच कॅट घे ना, नवा आहे." डाव रुपया-रुपयाचा, चेष्टेचा. पण पैशांचा. मी बाइंडरकाकांना शब्द दिला होता. नाही म्हणायला कारण शोधत होते तेवढ्यात कॅट आत्याच्या हातात गेला.

माझी आत्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. वय एक्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला. वयाने होणारा हा आजार, यात समोर पाहिलं की मधोमध धुकं आणि कडेचं तेवढं दिसतं. पत्त्यावरचे ठिपके तिला आता मोजता येत नाहीत. साठ वर्षं मेंढीकोट खेळलेली बाई, समोरच्याकडे किती मेंढ्या, म्हणजे दश्श्या, आहेत ते त्याच्या श्वासावरून सांगायची. हल्ली ती डावात बसत नाही, फक्त पिसून देते. तेवढं तिने सोडलेलं नाही.

तिने कॅट घेतला, एकदा पिसला आणि थांबली. अंगठा कडेवरून वर नेला, खाली आणला. पुन्हा वर. मी तिच्याकडे पाहत होते. तिने मान वळवली नाही, चेहरा बदलला नाही.

"हा नको," ती म्हणाली. "दवाने ओला झालाय, वाटताना दोन-दोन येतील. माझा आणा खालून, टीव्हीच्या कपाटात आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅट घेऊन तिच्याकडे गेले.

"आत्या, तुला कळलं ना?"

"एका बाजूला निमूळता आहे. हातात घेतल्याबरोबर कळलं." मग म्हणाली, "पण ते सोड. ते ज्याच्या हातात जाईल त्यालाच कळेल, आणि तेही साठ वर्षं पिसले असतील तर. तू तो फिरवलास कधी, ते मात्र मला तिथे बसल्या बसल्या कळलं."

मी म्हटलं, शक्य नाही. तुला त्या अंधारात दिसलं कसं?

"दिसलं नाही. ऐकलं. 'नीट बघून घ्या' म्हणालीस आणि मग तुझा आवाज थांबला. पुढचं वाक्य आलं ते घाईने, आणि वरच्या पट्टीत. मेंढी लपवून बसलेली माणसं अशीच बोलतात."

चार महिने मी हातावर काम केलं होतं. आरशासमोर मनगट किती वळतं, कोपर उचलतो का, पत्त्यांची पाठ दिसते का, सगळं पाहिलं होतं. आरशाला आवाज नसतो. कॅटमधला उतार एका मिलिमीटरचा, तो दडवायला काकांनी अर्धा तास कोपरे घासले होते, आणि माझ्या बोलण्यातला खड्डा तसाच उघडा होता. गच्चीवर कोणाच्या लक्षात आला नाही, कारण सगळे पत्त्याकडे पाहत होते. आत्याला पत्ता दिसतच नव्हता.

"कर इथे," ती म्हणाली. "मी पत्ता काढते. कुठला ते नाही समजलं तरी चालेल, बोटांना धरायला बरं."

तेव्हापासून रविवारी दुपारी मी तिच्याकडे बसते. ती पत्ता काढते, छातीशी धरते, मी बोलते. सुरुवातीला ती दर वेळी त्याच जागी बोट उचलायची: इथे. मी वाक्य बदललं. पुन्हा बोट वर. वाक्य लांबवलं, मध्येच काही विचारलं, उगीच हसून पाहिलं. प्रत्येक वेळी बोट. मग तिनेच एक दिवस सुचवलं, "तुझं लक्ष कॅटवर असतं, म्हणून आवाज तिकडे जातो. मला असं काहीतरी विचार की ज्याचं उत्तर तुला खरंच हवंय." मला ते पटकन पचलं नाही. प्रयोगात विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. उत्तर काय येतं याने काही अडत नाही, असंच मी धरून चालले होते.

मागच्या रविवारी तिने पत्ता काढून छातीशी धरला. माझ्या मनात सकाळपासून एक गोष्ट घोळत होती, तीच तोंडातून गेली. आजी नारळाच्या वड्यांत साखर किती घालायची, माझ्या दरवेळी सैल होतात. आत्या म्हणाली, साखरेचं नाही गं ते, तू खोबरं आधी परतत नाहीस. मग किती खवलं की किती साखर, घोटणं कधी थांबवायचं, आजी ताटाला तूप लावायची ते कुठल्या बोटाने, असं सगळं निघालं. तिने बोलता बोलता पत्ता परत कॅटमध्ये सारला, कॅट घेऊन हातावर पिसला आणि माझ्याकडे दिला. मी बोटं लावली, ओढला, तिच्या हातात ठेवला.

तिने पत्ता डोळ्यांच्या कडेला नेऊन तिरका धरला, लाल आहे एवढं तिला दिसलं असावं. अंगठा त्याच्या कडेवरून वर गेला, खाली आला.

"फिरवलास होय?" तिने विचारलं. "कधी?"